शेअर आपटला: ठेवायचा की काढायचा?

बीडकरांनो, पोरगं हिंजवडीत नोकरीला लागलं की घरात आयटीचे शेअरही येतात. मग एक दिवस शेअर धाडकन पडतो आणि ग्रुपवर 'काढू का ठेवू?' सुरू होतं. कापसाचा भाव पडणं वेगळं आणि बोंडअळी लागणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

इन्फोसिस एप्रिल २०१३ मध्ये एका दिवसात २१ टक्के पडला, कारण वाढीचा अंदाज कमी दिला. हा नुसता भाव पडला, बोंडअळी नव्हे. २२ ऑक्टोबर २०१९ ला निनावी तक्रारीमुळे पुन्हा १६ टक्क्यांच्या आसपास. जानेवारी २०२० मध्ये चौकशीत गैरप्रकाराचा पुरावा सापडला नाही; २०२१ मध्ये भाव त्या पडलेल्या भावाच्या दुपटीच्या वर गेला.

सत्यमचं तसं नव्हतं. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतःच लिहून दिलं की ताळेबंदातली पाच हजार कोटींची रोकड नाहीच. शेअर सुमारे ७८ टक्के कोसळला. खरं तर इशारा आधीच्या डिसेंबरातच मिळाला होता: राजूंच्या घरच्याच मेटास कंपन्या सत्यमच्या पैशानं घ्यायचा घाट, पाठोपाठ स्वतंत्र संचालकांचे राजीनामे. बँकेचे कागदच बनावट, तिथं आकडे वाचून काय कळणार? म्हणून मी आधी प्रवर्तकांनी (कंपनीच्या मालकांनी) किती शेअर गहाण ठेवलेत आणि कोण राजीनामा देतंय ते बघतो, नफा नंतर.

आणि जूनमध्ये बियाण्याला लागणारे पैसे शेअरमध्ये असतील, तर कंपनी कितीही चांगली असू दे, काढून घ्या.