थंडीपूर्वीं घराची तयारी

कोजागरी उलटली कीं नाशिककडील घरांत गोधड्या, घोंगड्या उन्हांत पडतात आणि खिडक्यांच्या फटी कागदानें बुजविल्या जातात. पहिलें काम उत्तम. दुसऱ्याविषयीं मात्र मला बोलावयाचें आहे. अशा बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजणें जिवावर बेततें. अपुऱ्या हवेंत कोळसा जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पटींनीं घट्ट बिलगतो. धूर नाहीं म्हणून निखारे निर्धोक, ही समजूत माझीहि होती. एके पहाटे डोकें जड झालें, पाय लटपटले. पत्नीनें दार उघडलें म्हणून आज बोलतों आहें. तेव्हां निजण्यापूर्वीं शेगडी बाहेर काढावी, वरचा झरोका उघडा ठेवावा आणि गोधडी एक अधिक घ्यावी.