गॉडझिला की वॉर ऑफ द मॉन्स्टर्स?

जळगाव-धुळ्याच्या गेमर मंडळींनो, महाकाय राक्षसांच्या मारामारीचा विषय निघाला की दोन जुने गेम हमखास समोर येतात: पाइपवर्क्सचा 'गॉडझिला: डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स मेली' (गेमक्यूब, २००२) आणि इनकॉग्निटोचा 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स' (प्लेस्टेशन २, २००३). माझं मत दुसऱ्याला, कारण तिथे शहर हेच हत्यार आहे. राक्षस इमारतीवर चढतो, तिथून झेप घेतो, गाड्या भिरकावतो, लोखंडी खांब फेकून समोरच्याला भोसकतो. आख्खी इमारत अंगावर कोसळली तर डाव एका झटक्यात फिरतो. जळगाव महापालिकेची सतरा मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या उंचीवरून कोण उडी मारणार आणि खाली कोण सापडणार, हाच इथला खरा पेच.

कोणी म्हणेल, इमारती तर गॉडझिलाही उचलून फेकतो. खरंय, पण त्यांच्यावर चढायची सोय नाही, त्यामुळे लढत ठोसे, पकड आणि तोंडातून सोडलेल्या किरणांभोवतीच राहते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गॉडझिलात चौघं एकाच वेळी भिडतात आणि किंग गिदोरा, गायगनसारखे जपानच्या तोहो कंपनीच्या सिनेमांतले अस्सल राक्षस मिळतात. 'वॉर'मध्ये खेळाडू दोनच, आणि पात्रं १९५०च्या दशकातल्या राक्षसपटांच्या धाटणीवर रचलेली. म्हणून घरी टोळकं जमलं असेल तर गॉडझिला लावा. पण डोकं लढवून जिंकायचं असेल, तर 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स'च सरस. तुमचं मत कोणाला? कारणासकट सांगा.