अजून एकच मासा!

सूर्य टेकलाय. समोर धक्का दिसतोय, तिथले दिवे लागलेत. बोटीतल्या माल ठेवायच्या जाळीत नेमके दोन चौकोन मोकळे आहेत आणि डाव्या हाताला पाणी खदखदतंय, म्हणजे खाली मासे आहेत. आता निघालो तर उजेडात पोचू. पण दोन चौकोन रिकामे घेऊन कोण जाणार?

‘ड्रेज’ नावाचा व्हिडिओ गेम खेळलेल्या कुणालाही विचारा, भीतीची सुरुवात इथूनच होते. एखाद्या राक्षसापासून नाही, या दोन चौकोनांपासून.

ड्रेज ३० मार्च २०२३ रोजी आला. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरातल्या ‘ब्लॅक सॉल्ट गेम्स’ या चौघांनी उभ्या केलेल्या कंपनीचा हा पहिलाच खेळ आणि पहिल्याच वर्षी त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. गोष्ट एका मच्छीमाराची. त्याची बोट खडकावर फुटते, ग्रेटर मॅरो नावाच्या बेटावरच्या गावाचा मेयर त्याला दुसरी बोट देतो आणि ती देताना कर्जही डोक्यावर ठेवतो. मासे धरा, विका, कर्ज फेडा. दिवसा समुद्र निळाशार, संगीत मंद, एखाद्या सुट्टीसारखं वातावरण. आणि रात्री?

घड्याळ तुमच्या हातात

रात्रीकडे वळण्याआधी या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट सांगतो, कारण ती पटकन लक्षातच येत नाही. बोट थांबवून तुम्ही नुसते बसलात तर वेळ पुढे सरकत नाही. चहा करून या, फोन घ्या, सूर्य जिथल्या तिथे. बोट हलली किंवा गळ टाकला, की घड्याळ चालू. याचा अर्थ असा की रात्र तुमच्यावर येत नाही, तुम्हीच एकेक मासा काढत तिला जवळ ओढता. ‘उशीर झाला’ असं म्हणायची सोयच नाही.

मासे धरणंही तसंच. पडद्यावर गोल फिरणारी खूण नेमक्या जागी असताना बटण दाबलं तर मासा लवकर वर येतो. चुकलात तरी मासा निसटत नाही, फक्त वेळ जास्त जातो. नवख्या खेळाडूला ही मेहरबानी वाटते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दोनदा चुकलं, की तिची किंमत कळते.

वर एक डोळा आहे

अंधार पडला की पडद्याच्या वरच्या बाजूला एक डोळा उघडतो. आधी किलकिला, मग मोठा, मग लालसर आणि सैरभैर. तो तुमच्या मच्छीमाराच्या मनाची अवस्था दाखवतो. दिव्याजवळ राहिलात तर तो शांत असतो, झोप काढली तर मिटतो. जागरण करून अंधारात भटकलात, की समुद्र वेगळं वागायला लागतो. दिवसा ज्या वाटेने दहा वेळा गेलात, तिथे अचानक खडक उभा. लाल डोळ्यांचे कावळे येऊन मासे पळवतात. धुकं इतकं दाट, की समोरचा दिवा धक्क्याचा आहे की आणखी कशाचा, ते कळत नाही.

यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: चकवा. ओळखीच्या रानात माणूस रात्रभर गोल गोल फिरत राहतो आणि उजाडल्यावर कळतं, घर शंभर पावलांवर होतं. चकवा म्हणजे काय हे माहीत असलेल्याला ड्रेजची रात्र वेगळी समजावून सांगावी लागत नाही. खेळाडूंचा सगळ्यात जास्त जीव जडलेली गोष्टही हीच: तो खडक खरंच होता, की मच्छीमाराच्या डोक्यात होता? खेळ उत्तर देत नाही. बोटीला मात्र खरंच भोक पडतं.

माशांचा डबा भरताना

आता गंमत ऐका. इतकं भीतीचं वातावरण असूनही खेळाडू सगळ्यात भरभरून कौतुक करतात ते सामान लावण्याचं! बोटीत चौकोनांची जाळी असते आणि प्रत्येक मासा आपापल्या आकाराचा. वाम लांबलचक, पाकट पसरट, माकुळ वाकडातिकडा, बांगडा छोटा आणि कुठेही बसणारा, मुशी तर अर्धी बोट खाणारी. फिरवून, उलटवून, बांगड्याला कोपऱ्यात सारून वाम तिथे कशीबशी बसली, की जो आनंद होतो तो गावाला निघताना डिकीत शेवटची पिशवी बसवणाऱ्याला बरोबर कळेल. काही जण तर म्हणतात, राक्षस काढून टाका, आम्ही नुसते मासे लावत बसू.

आणि खडकावर आपटलात, की याच जाळीतला एखादा चौकोन फुटतो. त्या चौकोनातला मासा समुद्रात. इतक्या मायेने रचलेल्या डब्याला भोक पडणं राक्षसाच्या जबड्यापेक्षा जास्त लागतं, हे खेळ बनवणाऱ्यांनी बरोबर ओळखलंय.

तीन डोक्यांचा कॉड

कधीतरी गळाला भलतंच काही लागतं. कॉड मासा येतो, पण त्याला डोकी तीन. खेळातल्या सव्वाशेहून अधिक जलचरांमध्ये अशी विद्रूप भावंडं पुष्कळ आहेत. कुणाला डोळे जास्त, कुणाची हाडं बाहेर. पहिला असा मासा आला की अंगावर काटा येतो. दहाव्याला खेळाडू खूश होऊन ओरडतो, कारण हे मासे साध्यापेक्षा महाग विकले जातात. किळसेचं रूपांतर कमाईत व्हायला दोन तासही लागत नाहीत, आणि आपण कधी बदललो ते कळतही नाही. मला विचाराल तर अख्ख्या खेळातली खरी भयकथा हीच. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ पाहिलेल्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

त्याहून भन्नाट गोष्ट म्हणजे कोणता मासा खरा आणि कोणता रचलेला, यात भले भले फसतात. गॉब्लिन शार्कचा जबडा तोंडातून पुढे झेपावतो, हे कुणा चित्रकाराच्या डोक्यातून आलं असावं असं मला वाटलं होतं. तो खरा आहे! जपानजवळ सापडल्यावर १८९८मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. फ्रिल्ड शार्कच्या तोंडात सुमारे तीनशे दात असतात, तेही पंचवीसेक रांगांत. गल्पर ईल म्हणजे तर नुसतं तोंड आणि त्याला जोडलेली शेपटी. समुद्राच्या तळाशी निसर्गाने जे करून ठेवलंय, त्यात तीन डोक्यांचा कॉडच बिचारा साधा वाटतो.

मासे न आवडणारा आजोबा

या प्रकारच्या भयाचे आजोबा म्हणजे अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सचे एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९० ते १९३७). खोल समुद्रात निजलेला क्थुलू १९२८मध्ये छापून आला तो त्यांच्याच कथेतून. मासेमारीच्या एका सडक्या गावावरची त्यांची ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ १९३६मध्ये पुस्तकरूपात आली. आणि या गृहस्थांना मासे, खेकडे, एकूणच समुद्रातलं खाणं अजिबात सहन होत नसे! मालवणी किंवा गोवेकर वाचकाने हे वाचून हळहळावं, इतका त्यांना त्याचा तिटकारा होता. ज्याचा वासही नकोसा, त्यातूनच त्यांनी जगभर पसरलेलं भय उभं केलं.

इथे आपल्या भुतांचा विचार मनात येतोच. आपला मुंजा पिंपळावर बसतो, कारण त्याची काहीतरी इच्छा राहिलेली असते. राखणदाराला त्याचा मान लागतो. गिऱ्हा पाण्यात ओढतो, पण तोही कधीकाळी माणूसच होता. म्हणजे आपल्या भुताशी बोलता येतं, नारळ देता येतो, गाऱ्हाणं घालता येतं. लव्हक्राफ्टच्या जगात ही सोय नाही. तिथे जे आहे ते इतकं प्रचंड आणि इतकं परकं, की त्याला तुमचा राग नाही, लोभ नाही, तुम्ही आहात हेही त्याच्या गावी नाही. नारळ द्यायचा कुणाला?

ड्रेजमध्ये स्टेलर बेसिन नावाचा भाग आहे. प्रवाळांची बेटं, स्वच्छ पाणी, आणि मधोमध खोल तळात काहीतरी अवाढव्य. त्याचे बाहू पाण्यातून वर येतात. तिथून पहिल्यांदा जाताना माणूस आपोआप बोट काठाकाठाने नेतो, कुणी सांगावं लागत नाही.

पण खरंच भीती वाटते का?

इथे खेळाडूंमध्ये सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, रात्रभर जीव मुठीत धरून खेळलो. दुसरा म्हणतो, कसली भीती, मस्त निवांत खेळ आहे, झोपण्यापूर्वी अर्धा तास खेळतो. दोघंही खरं बोलतात. जो रोज सूर्यास्ताआधी धक्क्याला लागतो, त्याला ड्रेज म्हणजे सुंदर चित्रांतली मासेमारी. जो ‘अजून एक’ म्हणत थांबतो, त्याचा खेळ वेगळाच असतो. बनवणाऱ्यांनीही हे ओळखलं आणि २०२३मध्येच एक पर्याय जोडला. तो निवडला, की राक्षस अंगावर येत नाहीत.

तक्रारी आहेत, आणि मला त्या पटतात. पहिली, भीती टिकत नाही. इंजिन वाढतं, दिवे जोरदार होतात, शिवाय ब्लॅकस्टोन बेटावरचा संग्राहक तुम्हाला शक्ती देऊ लागतो. समुद्राच्या तळातून त्याच्या पाच जुन्या वस्तू उपसून आणायच्या, संगीतपेटी, हार, खिशातलं घड्याळ असल्या, आणि बदल्यात बोट वाऱ्यासारखी पळवायची किंवा राक्षसांना हाकलून द्यायची विद्या घ्यायची. गंमत म्हणून घेतलेली ही विद्या वापरली की तो वरचा डोळा आणखी भेदरतो, हे खरं. पण एकदा सवय झाली, की पहिल्या रात्रीची धडधड पुन्हा मिळत नाही. दुसरी तक्रार, कामं तीच तीच: हा मासा आण, तो मासा आण. तिसरी, मूळ कथा दहाएक तासांत संपते आणि दोन्ही शेवट फार झटपट गुंडाळलेत. शेवट सांगत नाही. दीपगृहातल्या बाईचं बोलणं मात्र नीट ऐका.

ज्यांचं मन भरलं नाही, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३मध्ये ‘द पेल रीच’ हा बर्फाळ भाग आला आणि ऑगस्ट २०२४मध्ये समुद्रात तळ ठोकून खोदकाम करणाऱ्या कंपनीवरचा ‘द आयर्न रिग’. दुसऱ्यात तर लालूच माणसापुरती उरतच नाही, सगळा समुद्रच पणाला लागतो.

पळता पळता

२०२३ हे वर्ष मासेमारीचंच असावं. त्याच वर्षी कोरियातून ‘डेव्ह द डायव्हर’ हा दिवसा मासे मारून रात्री सुशी विकणारा खेळ आला. ‘द गेम अवॉर्ड्स’च्या स्वतंत्र खेळांच्या यादीत हे दोघं समोरासमोर होते, आणि भांडायच्या ऐवजी डिसेंबरमध्ये एकत्र आले. डेव्हच्या खेळात ड्रेजचे बिघडलेले मासे फुकट शिरले, त्यांची सुशीसुद्धा झाली! पदार्पणाच्या खेळांच्या यादीत ड्रेजच्या शेजारी ‘वेन्बा’ होता, कॅनडात संसार मांडणाऱ्या तमिळ आईच्या स्वयंपाकघराचा. माझ्या मते त्या यादीत सगळ्यात सुवासिक आणि सगळ्यात उग्र वासाचा खेळ शेजारी शेजारी बसले होते.

ड्रेज या शब्दाचा साधा अर्थ तळाचा गाळ उपसणं. खेळात बुडालेल्या जहाजांतून लाकूड, कापड, धातू उपसता येतं आणि बोट सुधारता येते. काय काय वर येतं, त्यावरच खेळाचं नाव बेतलंय. २०२४मध्ये यावर चित्रपट करण्याची घोषणाही झाली. मोठ्या पडद्यावर तो डोळा कसा दिसेल, याची मला खरंच उत्सुकता आहे.

आणि ते दोन चौकोन? मी गळ टाकला. वाम लागली, लांबलचक. बांगडे सरकवले, माकुळ उलटा केला, वाम बसली. तोवर धुकं उतरलं होतं. धक्क्याचा दिवा दिसत होता, सरळ त्याच्याकडे निघालो, आणि जिथे सकाळी नुसतं पाणी होतं तिथे खडक उभा राहिला. धडक बसली. भोक नेमकं वामेच्या चौकोनात पडलं. ती गेली. बाकीचे मासे घेऊन मी कसाबसा धक्क्याला लागलो, विकले, खोलीत जाऊन झोपलो. सकाळी बोट दुरुस्त केली आणि पुन्हा त्याच जागी गेलो. पाणी खदखदत होतं.