सांतो आंतोनियोची रात्र

लिस्बनचा अधिकृत पालकसंत आहे संत व्हिसेंत. शहराच्या मानचिन्हावर गलबत आणि दोन कावळे दिसतात, ती त्याचीच कथा. पण 12 जूनच्या संध्याकाळी आल्फामा या जुन्या मोहल्ल्याच्या चढावर कुणालाही विचारा, तुमचा संत कोणता? उत्तर एकच येईल: सांतो आंतोनियो. व्हिसेंतला मान आहे, माया मात्र सगळी आंतोनियोच्या वाट्याला गेली आहे.

तो इथलाच. सुमारे 1195 साली, कॅथेड्रलपासून हाकेच्या अंतरावर जन्मला. पाळण्यातलं नाव फेर्नांदो. पुढे फ्रान्सिस्कन साधू झाला, इटलीत प्रवचनांनी गाजला आणि 13 जून 1231 रोजी पदुआजवळ वारला. वर्ष भरायच्या आत त्याला संतपद मिळालं. जग त्याला ‘पदुआचा अँथनी’ म्हणतं. लिस्बनकरांना हे अजिबात मान्य नाही. हरवलेली वस्तू शोधून देणारा आणि लग्न जुळवणारा, अशी त्याची दुहेरी ख्याती. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यातही आला. शिवोलीच्या चर्चमध्ये दोरीला बांधलेला साप धरलेली त्याची मूर्ती गोंयकारांना ठाऊक आहेच. कवी फेर्नांदो पेसोआ 1888 साली नेमका 13 जूनला, म्हणजे संताच्या सणादिवशी, जन्मला, म्हणून त्याच्या नावात फेर्नांदो आणि आंतोनियो दोन्ही आले.

1755 च्या भूकंपात संताच्या जन्मस्थानावरचं चर्च कोसळलं. ते पुन्हा उभारण्यासाठी पोरांनी दारोदार ‘संतासाठी एक नाणं’ मागितलं, असं सांगतात. तेव्हापासून दारापुढे पायऱ्यांचं छोटं सिंहासन मांडायची रीत पडली. रंगीत कागद, कागदी फुलं, मेणबत्त्या आणि सगळ्यात वरच्या पायरीवर संत. आजही जुन्या मोहल्ल्यांत ही सिंहासनं दिसतात, शेजारी नाण्यांची बशीही असते.

जूनमधल्या या उत्सवाच्या दिवसांत प्रत्येक कोपऱ्यावर मांजेरिको विकायला येतं. मुठीएवढ्या कुंडीत चेंडूसारखं गोल वाढलेलं, बारीक पानांचं हे झुडूप म्हणजे आपल्या सब्ज्याचंच भावंड. त्यात एक कागदी कार्नेशन खोचलेलं असतं आणि काडीला लावलेल्या चिमुकल्या झेंड्यावर चार ओळींचं प्रेमाचं कवन. पूर्वी तरुण हे आपल्या आवडत्या मुलीला देत. वास घ्यायचा तो मात्र रीतीने: नाक झुडपात खुपसायचं नाही, तळवा पानांवरून हलकेच फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. नाकाने हुंगलं तर झाड सुकतं, असं विकणाऱ्या बायका बजावतात. पाहुणा हमखास चुकतो आणि हमखास बोलणी खातो.

आता धुराकडे. आल्फामा, मोराऱ्या, ग्रासा, बिका या टेकड्यांवरच्या गल्ल्यांत घराबाहेर शेगड्या मांडल्या जातात आणि सार्डिन भाजायला पडतात. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा, उन्हाळ्यात चरबीने भरलेला. मसाला शून्य. साफ न करता अख्खा मासा, वर जाडं मीठ आणि खाली रसरशीत कोळसा. तो पावाच्या जाड कापावर ठेवून हातात देतात. बोटांनी मांस सोडवत, काटे बाजूला काढत खायचं. तोवर माशाचं तेल पावात मुरत राहतं, आणि शेवटी उरलेला तो पाव हाच खरा ऐवज. मासे न खाणाऱ्याला काल्दो व्हेर्द नावाचं बटाट्याचं, हिरव्या पानांचं सूप असतं. त्यातला सॉसेजचा तुकडा मात्र आधीच नको म्हणून सांगावा.

12 जूनच्या रात्री आव्हेनिदा दा लिबेरदाद या हमरस्त्यावर मोहल्ल्यामोहल्ल्यांची संचलनं निघतात. एकसारखा पोशाख, डोक्याच्या वर उंच धरलेल्या सजवलेल्या कमानी, दरवर्षी नवी गाणी, आणि परीक्षक गाण्यापासून नाचापर्यंत सगळ्याला गुण देणार. चुरस गिरगावच्या वाड्यांमधल्या गणपतीच्या आराशीइतकी कडवी. हे सगळं फार प्राचीन वाटतं, पण तसं नाही. 1932 मध्ये पार्क मायेर या नाटकांच्या वस्तीत प्रेक्षक यावेत म्हणून चित्रपट दिग्दर्शक झुझे लेइतांव द बारुश यांच्या पुढाकाराने ही स्पर्धा सुरू झाली. पुढे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ती उचलून धरली. राजवट गेली, संचलन राहिलं.

संताच्या नावाने होणाऱ्या सामुदायिक विवाहांचंही तसंच, तेही फार जुने नाहीत. 1958 मध्ये गरजू जोडप्यांसाठी ते सुरू झाले, हुकूमशाही संपवणाऱ्या 1974 च्या क्रांतीनंतर बंद पडले आणि 1997 मध्ये महापालिकेने पुन्हा सुरू केले. आता 16 जोडपी निवडली जातात. काहींचं लग्न कॅथेड्रलमध्ये, काहींचं नगरभवनात.

या सगळ्या झगमगाटात एक गोष्ट मात्र बोचते. आल्फामातली कितीतरी घरं पर्यटकांना दिवसांवर भाड्याने दिली जाऊ लागली, भाडी चढली आणि जुनी कुटुंबं उपनगरांत गेली. 2018 मध्ये महापालिकेने आल्फामा, मोराऱ्यासह काही मोहल्ल्यांत अशा भाड्याचे नवे परवाने थांबवले, पण गेलेली माणसं गेलीच. मोहल्ल्याच्या नावाने नाचणाऱ्यांपैकी अनेक जण आता तालमीसाठी लांबून येतात. मोहल्ल्यात राहत नाहीत, तरी संचलनात नाव त्याचंच लावतात. हा उत्सव टिकला आहे तो त्यांच्यामुळे, हमरस्त्यावर बसलेल्या प्रेक्षकांमुळे नाही.

म्हणून जायचं तर गल्लीत जावं. 12 तारखेच्या रात्री आल्फामात मुंगीला शिरायला जागा नसते, पण जूनभर कुठे ना कुठे शेगडी पेटलेली असतेच. ग्रासात एखाद्या साध्या संध्याकाळी गेलं तर बसायला बाक मिळतो आणि शेजारी बसलेले आजोबा गप्पाही मारतात. दगडी चढ घसरडे असतात, तेव्हा पायात चांगले बूट हवेत. खिशात सुटे युरो ठेवावेत. 13 जूनला शहरात सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दुपारी संताची मिरवणूक त्याच्या चर्चपासून निघून आल्फामाच्या गल्ल्यांतून फिरते. तिला तिकीट नाही.