मास्तर उत्तर सांगत नाहीत!



गेल्या शब्बाथला आमच्या घरी जेवताना चांगलीच वादावादी झाली. आमच्या बहिणीची नात नर्सिंग शिकते. ती म्हणाली, “आमच्या वर्गात मास्तर उत्तर सांगतच नाहीत. आम्हा आठ-दहा जणांना एका आजारी माणसाची हकीकत देतात नि म्हणतात, शोधा.”

बहीण भडकली. “अगं, मग फी कशाची घेतात? शोधायचं तुम्ही, नि ते काय नुसता चहा पीत बसतात?”

खरं सांगायचं तर आम्हालाही बहिणीचंच पटलं. आपण म्हातारी मंडळी घोकंपट्टीत वाढलो. अलिबागची शाळा असो की मुंबईची, पाढा चुकला की हातावर छडी. प्रश्न विचारायचे ते मास्तरांनी, आपण नव्हे.

मग नातीनं आम्हाला एक हकीकत घातली. बालमित्रांनो, तुम्हीही डोकं चालवा.

सात वर्षांचा मुलगा. कालपरवापर्यंत ठणठणीत, आज डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, अंगात त्राण नाही. घराणं कुर्दिस्तानातून आलेलं.

“कावीळ!” बहीण म्हणाली. “असेल. पण कशामुळे?” नात हसली. आम्ही एकेक विचारत गेलो. ताप आहे का? घरात कुणी आजारी? शेवटी बहिणीनंच विचारलं, “त्यानं खाल्लं काय होतं?” तेव्हा कुठे नातीनं पुढचं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी त्यानं ताजे फूल खाल्ले होते. फूल म्हणजे गुलाबाचं नव्हे हं, इथल्या बाजारात शेंगांत मिळतात ते मोठे चपटे दाणे.

काही माणसांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं. कुर्दिस्तानातून आलेल्या यहुदी लोकांत हे फार आढळतं. ते आईकडून मुलग्यांत उतरतं, म्हणून त्रास जास्त करून मुलग्यांना होतो. अशांनी फूल खाल्ले तर तांबड्या पेशी फुटू लागतात.

बहिणीनं लगेच विचारलं, “मग आपले वाल?” नातीनं उत्तर दिलं नाही! म्हणाली, “आजी, तूच शोध.” बहीण चष्मा लावून बसली. नातीला वाचायला लावून रात्री दहाला तिनं जाहीर केलं की वाल नि फूल ही दोन निराळी झाडं. आता ती हे जन्मात विसरायची नाही. (घरात कुणाला हा दोष असेल तर काय खायचं नि कोणती औषधं टाळायची, हे मात्र डॉक्टरांनाच विचारा.)

या पद्धतीची सुरुवात कॅनडात झाली. हॅमिल्टन गावी मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली नवं मेडिकल कॉलेज उघडलं. जॉन इव्हान्स तिथले पहिले डीन. मेंदूचे डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांचंही नाव या पद्धतीशी कायमचं जोडलं गेलं. आधी पुस्तक नि मग रोगी, हा क्रम त्यांनी उलटा केला. पुढे हॉलंडच्या मास्त्रिख्तमध्ये तर कायदा नि अर्थशास्त्रही असंच शिकवू लागले.

आपल्या नेगेवमध्ये १९७४ साली बेन-गुरियन विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिले डीन प्रोफेसर मोशे प्रिवेस. आजारी माणसाजवळ बसून बोलायला विद्यार्थ्यानं पहिल्याच वर्षी शिकावं, हा त्यांचा आग्रह. डिमोना, बेर-शेवाला आपली किती माणसं राहतात! त्यांच्या खाटेजवळ अशी किती पोरं बसली असतील. भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या पोरांची रोग्याशी गाठ पहिल्या वर्षापासून घालून देतात.

सगळंच गोड आहे असं नाही. आठ-दहा मुलांमागे एक मास्तर म्हणजे खर्च मोठा. शिवाय १९९३ साली जुने निकाल ताडून पाहिले, तेव्हा ही मुलं रोगी तपासण्यात थोडी सरस, पण पुस्तकी परीक्षेत कधीकधी मागे दिसली. म्हणजे पाढे अगदीच फुकट नव्हते! बहिणीला हे सांगितल्यावर ती खुश झाली.

आम्ही मात्र त्या रात्री आमच्या बाबांची आठवण काढत बसलो. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर विचारी, “कसं आहे?” बाबा म्हणत, “बरं आहे.” आपल्या लोकांची सवयच ती, मोठ्या माणसाला त्रास द्यायचा नाही. त्या डॉक्टरनंही कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. बाबांना तीन महिने गिळताना त्रास होत होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तेव्हा आजी-आजोबांनो, कुपात खोलिममध्ये एखादी कोवळी पोर वही घेऊन जवळ बसली, तर “बरं आहे” म्हणून तिला वाटेला लावू नका. काय खाल्लं, कधीपासून दुखतं, सगळं सांगा. हिब्रू अडलं तर नातवाला बरोबर न्या.

नि मुलांनो, तुमच्यासाठी हा प्रश्न. रोश हशानाला आजी गव्हाच्या चिकाचा हलवा करते. तेच नारळाचं दूध, तीच साखर. पण एका वर्षी छान वड्या पडतात, तर दुसऱ्या वर्षी हलवा ताटात पसरून बसतो. का बरं? आजीजवळ उभे राहा, विचारा, लिहून काढा नि आम्हाला पाठवा. उत्तर आम्ही सांगणार नाही.