नौदल जेट विमानांच्या रेझिन प्रतिकृती

विमानवाहू नौकांवरून उडणाऱ्या जेट विमानांच्या, पॉलियुरेथेन रेझिनचे सुटे भाग जोडून तयार केलेल्या लहान आकारातील प्रतिरूपांना नौदल जेट विमानांच्या रेझिन प्रतिकृती म्हणतात. या छंदात १:३२ हे मोठे प्रमाण मानले जाते. या प्रमाणात १२.०९ मीटर लांबीच्या हॉकर सी हॉक विमानाची प्रतिकृती सुमारे ३७८ मिलिमीटर लांब होते.

पार्श्वभूमी

प्लॅस्टिकच्या नेहमीच्या संचांसाठी धातूचे साचे लागतात. असे साचे महाग असल्यामुळे हजारो प्रतींची विक्री अपेक्षित असेल तरच ते परवडतात. कमी मागणी असलेल्या विमानांसाठी सिलिकॉन रबराचे स्वस्त साचे वापरले जातात. मूळ नमुन्यावर हे रबर ओतून साचा बनवतात व त्यात द्रवरूप रेझिन घट्ट होऊ देतात. साचा लवचीक असल्याने आत वळलेले आकारही अखंड काढता येतात. मात्र तो लवकर झिजतो आणि साधारणतः काही डझन प्रतींनंतर निकामी होतो. त्यामुळे रेझिन संच मर्यादित संख्येत निघतात. धातूच्या साच्यातून आपोआप मिळणारा नेमकेपणा येथे जोडणाऱ्याला स्वतःच्या हातांनी साधावा लागतो.

जोडणी

भागांवर राहिलेले साच्याचे तेलकट द्रव्य प्रथम साबणाच्या पाण्याने धुतात, अन्यथा रंग सुटतो. रेझिन ओतण्याच्या वाटेत गोठलेले जादा ठोकळे बारीक करवतीने कापतात. हवेच्या बुडबुड्यांमुळे पडलेली छिद्रे पुट्टीने बुजवतात. वाकलेला भाग गरम पाण्यात मऊ करून सरळ करतात व थंड पाण्यात धरून स्थिर करतात. घट्ट होताना रेझिन किंचित आकसते, म्हणून चिकटवण्यापूर्वी सर्व भाग कोरडेच जुळवून पाहणे आवश्यक असते. प्लॅस्टिकचे विद्रावक चिकटद्रव्य रेझिनला विरघळवत नाही. त्यासाठी सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा इपॉक्सी वापरतात.

वजन व तोल

भरीव रेझिनचे भाग जड असतात. लांब पंख काळानुसार खाली झुकू नयेत म्हणून त्यांत धातूची सळई बसवतात. पुढे एक चाक असलेल्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे न राहिल्यास प्रतिकृती शेपटीवर बसते. त्यामुळे नाकात वजन भरावे लागते. हा सर्व भार चाकांच्या दांड्यांवर येतो. मऊ मिश्रधातूच्या दांड्या वाकण्याची शक्यता असल्याने अनेक जण पितळी दांड्या बसवतात.

नौदल विमानांची वैशिष्ट्ये

दुमडते पंख, नौकेवर उतरताना तार पकडणारा आकडा आणि भक्कम चाकदांड्या ही नौदल विमानांची ओळख होय. सी हॉकमध्ये इंजिनाचा झोत दोन नळ्यांत विभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो. हा भाग जुळवणे विशेष अवघड असते. रंगयोजनेवरून कालखंड कळतो. अमेरिकी नौदलाने १९५५ मध्ये गडद निळ्या रंगाऐवजी वर फिकट करडा व खाली पांढरा रंग स्वीकारला. त्यामुळे छायाचित्राचे वर्ष तपासल्याशिवाय रंग ठरवणे योग्य नसते.

भारतीय संदर्भ

भारतीय नौदलाच्या सी हॉक विमानांनी १९७१ च्या युद्धात आयएनएस विक्रांतवरून चितगाव व कॉक्स बझार येथे हल्ले केले. गोव्यातील नौदल विमानवाहन संग्रहालयात सी हॉक जतन केलेले आहे. अशा मूळ विमानाच्या निरीक्षणातून संचातील चुका ओळखता येतात. तथापि, संग्रहालयातील विमानावर नंतर दिलेला रंग सेवाकाळातील रंगाचा पुरावा ठरतोच असे नाही.

सुरक्षितता

रेझिन घासताना उडणारी बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते. म्हणून पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरणे, योग्य श्वसनमुखवटा घालणे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसणे आवश्यक आहे. द्रवरूप रेझिन हाताळताना हातमोजे व खेळती हवाही लागते. ही खबरदारी छोट्या भागांच्या कामातही टाळू नये.