बारसं नव्हे, स्नानसंस्कार

२००९ साली आम्ही वसईला भाड्याने राहत होतो. शेजारच्या मावशींकडून नातवाच्या स्नानसंस्काराचं आमंत्रण आलं. मी आपली झबलं-टोपडं घेऊन चर्चमध्ये हजर! मनातला हिशेब साधा, की हे यांचं बारसं. मावशी हसल्या. "नाव तर दवाखान्यातच ठेवलं गं. हे वेगळं."

फादरनी आधी बाळाचं नाव विचारलं, मग आई-बाबांना विचारलं की या बाळासाठी चर्चकडे काय मागता? कपाळावर क्रुसाची खूण, छातीला तेल आणि मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी. बाळाने भोकाड पसरलंच! जुन्या पापी जिण्याला मरायचं आणि ख्रिस्ताबरोबर नव्याने जन्मायचं, असा त्या पाण्याचा अर्थ. त्याने आदिपाप धुतलं जातं आणि बाळ चर्चच्या कुटुंबात येतं. नंतर पांढरं वस्त्र आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. हा संस्कार आयुष्यात एकदाच. पुढे माणूस चर्चपासून दूर गेला तरी तो पुसला जात नाही.

धर्ममाता होती बाळाची आत्या. हा नुसता मान नाही हं! त्यासाठी साधारणपणे वयाची सोळा वर्षं पूर्ण हवीत, ती कॅथलिक हवी, दृढीकरण झालेलं हवं. बाळाला श्रद्धेत वाढवायला मदत करायची जबाबदारी तिच्यावर असते.

जेवणं झाल्यावर मावशी ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. त्यांची पहिली मुलगी जन्मल्यावर दोन तासांत गेली, स्नानसंस्काराविना. "तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, अशी बाळं लिंबोत राहतात. ना स्वर्ग, ना नरक. चाळीस वर्षं हेच डोक्यात आहे बघ."

फादर निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनी धीर करून विचारलं. फादर खाली बसले. म्हणाले, लिंबो हे जुन्या धर्मपंडितांचं मत होतं, चर्चचा सिद्धांत तो कधीच नव्हता. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलं आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानेही, त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असं सांगितलं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो अहवाल छापायला संमती दिली होती.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. जिवावरचा प्रसंग असेल तर फादरच हवेत असं नाही. चर्चला अभिप्रेत आहे तेच करायचं मनात धरून, पाणी घालत ते शब्द उच्चारले की कुणीही हा संस्कार देऊ शकतं. अगदी ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा!

"म्हणजे आमची सुईण होती, ती हिंदू. तिने दिला असता तर?"

"चालला असता."

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाण्याचा तांब्या उशाशीच होता हो फादर."

फादरनी त्या मुलीचं नाव विचारलं. ठेवलंच नव्हतं म्हणे. पण मावशींनी मनातल्या मनात एक ठेवलेलं होतं. ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं.